चौदा खंडांची खिडकी

हसणं संपल्यावर पोचायचं, हे काकूंच्या वाट्याला बेचाळीस वर्षं आलेलं होतं, आणि तळटीपरावांच्या ते लक्षात यायला त्यांना निवृत्त व्हावं लागलं.

तळटीपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शब्दकोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं ते मुद्रितं तपासत होते. बैठकीत ते कधी तोंड उघडत नसत. बैठक संपली, लोक जिना उतरू लागले, की हे कुणाच्या तरी मागे दोन पायऱ्यांवरून हळूच म्हणत, ‘‘मघाचं ते बरोबर नव्हतं, असं मला वाटतं. अर्थात माझंही चुकत असेल.’’ एवढ्यावरून कुणीतरी नाव ठेवलं, आणि ते पेन्शनीच्या कागदांइतकंच त्यांच्याबरोबर घरी आलं.

घर बैठं होतं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, त्याच्या भिंतीपलीकडे अंगण, अंगणात गल्लीतलं एकमेव मोठं झाड. सावली तिथेच, म्हणून रोज दुपारी चार वाजता गल्लीतली आठ-दहा रिकामी माणसं तिथेच. स्वयंपाकघरातून अंगणात जायला मात्र दार नव्हतं. आधीच्या मालकाने ते विटांनी बुजवून टाकलं होतं. का, ते विचारायचं घर घेताना तळटीपरावांकडून राहून गेलं, आणि नंतर विचारणं बरं दिसलं नसतं. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन काकू, म्हणजे तळटीपरावांच्या पत्नी, निघायच्या त्या बैठकीच्या खोलीतून, पुढच्या दाराने, तीन पायऱ्या उतरून, घराच्या कडेच्या बोळातून मागे. एकूण एक्केचाळीस पावलं. गुडघा दुखायला लागल्यापासून सत्तेचाळीस.

या सत्तेचाळीस पावलांत विनोद संपून जायचा. काकू कोपऱ्यावर वळायच्या तेव्हा लोक डोळे पुसत असायचे.

‘‘काय झालं हो?’’ काकू विचारायच्या.

‘‘काही नाही, ते आपलं असंच...’’ कुणीतरी म्हणायचं. दुसऱ्यांदा सांगितलेला विनोद कसा लागतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. काकू तरीही हसायच्या. ते हसणं तळटीपरावांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि एखादी चूक सगळ्या आवृत्त्यांत छापून गेली आहे हे शेवटी कळावं तसं त्यांना झालं.

त्यांनी एकदा स्वतः चहा केला. लोक प्यायले. दुसऱ्या दिवशी निम्मेच आले.

आणि अशातच ताईचं पत्र आलं. ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. वय ऐंशी, चाकांच्या खुर्चीत, आणि गोष्ट सांगायला बसली की झाडावरची पाखरंसुद्धा गप्प व्हावीत अशी. ‘बहुतेक हा शेवटचाच प्रवास, महिन्याभराने येते, एक दुपार राहीन,’ असं तिने लिहिलं होतं. खुर्ची काही तीन पायऱ्या चढणार नव्हती. म्हणजे ताई अंगणात आणि काकू आत. काकूंनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘ती बोलत असेल, आणि मी आपली आत कप मोजत असेन.’’

एवढंच म्हणाल्या. पण तळटीपरावांना रागावून बोललेलं सोसतं. असं नुसतं म्हटलेलं सोसत नाही.

याच आठवड्यात ते दात दाखवायला गेले होते. दवाखान्यातल्या मासिकात त्यांना ते चित्र दिसलं. एक स्वयंपाकघर, त्याची भिंतभर काच, आणि ती काच चक्क वर गेलेली. एखाद्या भल्या थोरल्या पक्ष्याने पंख उचलून धरावा तशी. आत ओटा, बाहेर तीच फळी पुढे आलेली, आणि दोन्हीकडची माणसं एकाच फळीवर कोपरं टेकून बोलत होती. आत कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं, ते चित्रात काही केल्या सापडेना. तळटीपरावांनी ते पान इतक्या वेळा पाहिलं, की खुर्चीत बसल्यावरही त्यांचा आ वासलेलाच होता. ‘‘वा!’’ दंतवैद्य म्हणाले, ‘‘सगळे असेच उघडतील तर बरं होईल.’’

निघताना ते पान मागावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मागितलंही. पण इतक्या हळू, की बाकावरच्या बाईने ‘‘संडास तिकडे,’’ म्हणून बोट दाखवलं. तळटीपराव, तिला बरं वाटावं म्हणून, जाऊन आले.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. ‘‘कळलं काका. गाडीची डिकी उघडते ना, तसं. वरती बिजागऱ्या, दोन बाजूंना गॅसचे दांडे. बोट लावलं की वर. फक्त खिडकीचं वजन बरोबर सांगायचं, त्या हिशेबाने दांडे मिळतात.’’

‘‘अवघड असेल ना?’’

‘‘त्यात काय अवघड?’’ मिस्त्री म्हणाला. जगात ज्याला काही अवघड वाटत नाही अशा माणसाकडे तळटीपराव नेहमीच थक्क होऊन पाहत.

बातमी गल्लीत पसरायला चहाचा एक फेरा पुरला. डास येतील, मांजर येईल, चोर येईल आणि तो चहा मागेल, असे सल्ले आले. एकाने, भिंत पाडली तर छप्पर कशावर उभं राहणार, असं विचारून एका दमात तीन बिस्किटं खाल्ली. सगळ्यांत गंभीर होते शेजारचे पूलवाले. त्यांनी उभा जन्म पूल बांधण्यात घालवला होता आणि त्यांचा एकही पूल पडला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, पण ते खरंही होतं.

‘‘वजन किती धरलंत?’’ पूलवाल्यांनी विचारलं.

आता इथे जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. तयार चौकट काचेसकट स्नानघरातल्या काट्यावर तीनदा ठेवून तळटीपरावांनी वजन केलं होतं. तिन्ही वेळा चोवीस किलो आलं. कुणाला याने समाधान वाटलं असतं. तळटीपरावांना वाटलं, तिन्ही वेळा एकच आकडा म्हणजे आपण तिन्ही वेळा एकच चूक करतो आहोत. म्हणून त्यांनी कागदावर तीस लिहिलं.

‘‘तीस,’’ ते म्हणाले.

‘‘म्हणजे साठ,’’ पूलवाले म्हणाले. ‘‘अहो, पुलावरून दहा गाड्या जाणार असतील तर आम्ही वीस धरतो. उद्या माणसं खाली उभी राहणार. डोक्यात पडली तर?’’

हे बरोबर नाही, असं तळटीपरावांना वाटलं. ते पूलवाल्यांच्या मागे फाटकापर्यंत गेलेसुद्धा. पण पूलवाले भराभर चालतात.

साठाचा कागद मिस्त्रीच्या हातात गेला. मिस्त्रीने दुकानात जाऊन पंचाहत्तर सांगितलं. का? तर काका-काकू आपली माणसं, त्यांच्या बाबतीत हात आखडायचा नाही, म्हणून. अशा रीतीने एकाच्या शंकेने, दुसऱ्याच्या काळजीने आणि तिसऱ्याच्या मायेने ते दांडे ठरले.

मागची भिंत फोडून खिडकी बसली त्या दुपारी सगळी गल्ली अंगणात होती. काकू आत ओट्यापाशी. मिस्त्री म्हणाला, ‘‘काका, तुम्ही लावा बोट.’’

तळटीपरावांनी कडी सोडली आणि तर्जनी काचेला टेकवली. लावली म्हणणंही जास्त होईल.

आणि भिंत गेली.

दुसरा शब्द नाही. फुस्स असा एक मोठा श्वास ऐकू आला आणि भिंत होती तिथे झाड आलं. स्वयंपाकघरात बेचाळीस वर्षं पडलं नव्हतं एवढं ऊन एकदम आत आलं. ते पातेल्यांवर पडलं, डब्यांच्या झाकणांवर पडलं, काकूंच्या पांढऱ्या केसांवर पडलं. वारा आला आणि कालनिर्णयासारखं भिंतीवर लटकलेलं जे काही होतं ते फडफडलं. शेगडीवरची वाफ सरळ बाहेर निघाली आणि पानांत शिरली. काकूंनी एक हात ओट्यावर टेकला, दुसरा छातीशी नेला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘अगंबाई.’’

तळटीपराव आपल्या बोटाकडे बघत राहिले. एवढंसं बोट! आयुष्यभर या बोटाने त्यांनी फार तर एखादा स्वल्पविराम हलवला होता.

पहिला चहा फळीवरून बाहेर गेला. शून्य पावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘‘आता बंद करून दाखव रे,’’ पूलवाले म्हणाले.

मिस्त्रीने कड धरून ओढली. खिडकी हलली नाही. तो लोंबकळला, तो हलला, खिडकी नाही. मग एका बाजूने मिस्त्री आणि दुसऱ्या बाजूने पूलवाले असे दोघं लटकले. तेव्हा ती जराशी खाली आली, आणि आपण काय करतो आहोत हे आठवल्यासारखी दोघांना घेऊन पुन्हा वर गेली. पूलवाले टाचा उचललेल्या अवस्थेत, हवेतच म्हणाले, ‘‘काम पक्कं झालंय.’’

दांडे बदलायचे तर नवे यायला दीड महिना. ताई यायला आठ दिवस.

पुढचे चार दिवस ते घर घर राहिलं नाही. काकू काय चिरताहेत ते गल्लीला कळू लागलं, आणि गल्ली मत देऊ लागली. एक मांजर फळीवर येऊन बसलं. त्याच्या चेहऱ्यावरून असं वाटे की खिडकी त्यानेच करून घेतली आहे. तिसऱ्या दिवशी रस्त्याने जाणारे दोन अनोळखी गृहस्थ बोळातून आत आले, फळीवर कोपरं टेकली आणि म्हणाले, ‘‘दोन चहा, एक कमी साखर.’’ हे दुकान नाही, असं तळटीपराव सांगणारच होते. पण ते वाक्य जुळेपर्यंत त्यांनी चहा केलेला होता. गृहस्थांनी एकेक घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि फळीवर नाणी ठेवून झपाट्याने निघून गेले. त्या नाण्यांचं काय करावं हे न सुचून तळटीपरावांनी ती मांजरापाशी ठेवली.

यावर तोड काढली ती काकूंनी. ‘‘जोर जास्त आहे ना तिला? मग उलटं वजन द्या. खालच्या कडेला दोरी बांधा, ओढ वाढवायला दुहेरी कप्पी फळीशी, एक वर छताशी, आणि टोकाला काहीतरी जड लटकवा.’’

‘‘बरोबर आहे,’’ पूलवाले जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. ‘‘पण एवढं जड घरात आहे काय?’’

काकूंनी कपाटावर पाहिलं. तळटीपरावांनी जमिनीकडे पाहिलं.

कपाटावर शब्दकोश होता. चौदा खंड, एकेक तीन किलोचा. एकतीस वर्षांत त्यातला शब्द न् शब्द तळटीपरावांच्या नजरेखालून गेला होता. निरोप समारंभात तो त्यांना भेट मिळाला, आणि त्यानंतर तो उघडायची वेळ कुणावर आली नाही. पाहुणे येत, वर बघत आणि म्हणत, ‘‘बाप रे.’’ तेवढाच त्याचा उपयोग.

‘‘खाली काढू?’’ मिस्त्रीने विचारलं.

‘‘जपून,’’ तळटीपराव म्हणाले.

जाड कापडाची पिशवी शिवली. दोरी ओवली. एकेक खंड आत जाऊ लागला. पाचापर्यंत काही नाही. आठव्याला खिडकीने जरा मान हलवली. अकराव्याला ती कुरकुरली. तेरावा आत गेला तरी ती वरच राहिली, तरंगत. वाऱ्याची झुळूक आली तर किंचित डुलत. तळटीपरावांनी चौदावा खंड, ज्याच्या शेवटच्या पानावर अगदी बारीक अक्षरांत त्यांचं नाव होतं, दोन्ही हातांनी पिशवीत ठेवला.

खिडकी मिटली. डोळा मिटावा इतकी अलगद. टक्.

त्यांनी कुठलाही एक खंड बाहेर काढला, की ती उघडत वर जाई आणि पिशवी छताकडे चढे. पिशवी ओढून खंड परत ठेवला, की मिटे. पूलवाल्यांनी सात वेळा करून बघितलं. ‘‘माझ्या एकाही पुलाला,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘हे जमलं नव्हतं.’’ तळटीपराव चष्मा पुसत होते. आपले शब्द कुणी वाचले नाहीत, पण ते सगळे मिळून एक भिंत धरू शकतात आणि सोडूही शकतात, हे त्यांना अजून नीट पेलत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती. पण तळटीपरावांनी अर्ज केला होता.

त्या गल्लीत माणसं मजले चढवतात तरी अर्ज करत नाहीत. तळटीपरावांनी खिडकीसाठी केला होता, चार पानी, खाली टीपा देऊन. त्यामुळे ताई येणार त्याच्या आदल्या दिवशी नगरपालिकेचे तपासनीस आले. माणूस सौम्य होता. फायली वाहून एक खांदा खाली आलेला.

‘‘बंद असताना ही खिडकी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘उघडा.’’

काकूंनी तिसरा खंड काढला. खिडकी वर गेली. तपासनीस तिच्याबरोबर मान वर करत गेले आणि बराच वेळ तसेच राहिले. ‘‘केवढी सुंदर आहे हो,’’ ते म्हणाले. मग त्यांना नोकरी आठवली. ‘‘पण आता हे छप्पर आहे. तीन फुटांहून पुढे आलेलं. छपराचा अर्ज वेगळा. आणि ही फळी आत ओटा आहे, पण बाहेर ती काउंटर दिसते. काउंटर म्हटलं की दुकान. इथे कुणी चहा विकत घेतलाय का?’’

‘‘दोघांनी,’’ तळटीपराव म्हणाले. खोटं बोलायची संधी त्यांना नेहमीच उशिरा दिसे. ‘‘पैसे मांजराजवळ आहेत.’’

तपासनिसांनी मांजराकडे पाहिलं आणि हे लिहिण्याइतकी जागा नमुन्यात शोधली. ती नव्हती. ‘‘मी वरती पाठवतो,’’ ते कष्टी होऊन म्हणाले. ‘‘तोवर मला असं लिहावंच लागेल.’’ आणि त्यांनी काचेवर कागद चिकटवला : निर्णय होईपर्यंत सदर खिडकी उघडू नये.

‘‘उद्या माझी बहीण येतेय हो,’’ काकू म्हणाल्या.

‘‘माझ्या हातात असतं तर,’’ तपासनीस म्हणाले, आणि जाताना तीनदा वळून खिडकीकडे पाहत गेले.

गल्लीचं मत एकच होतं : फाडा कागद. पण तळटीपरावांनी आयुष्यात एकही नियम मोडला नव्हता. ग्रंथालयाचं पुस्तक ते मुदतीआधी परत करत, न वाचता.

ताई आली. झाडाखाली खुर्ची लागली, अख्खी गल्ली भोवती. तिने काचेतून धाकटीला हात केला, धाकटीने आतून केला. काकूंना ट्रे उचलवेना. गुडघ्याने त्याच दिवशी हट्ट धरला होता. पूलवाले एक्केचाळीस पावलं जाऊन-येऊन कप नेऊ लागले.

चार वाजून गेले आणि ताईने पदर सावरून सुरुवात केली. काचेआडून फक्त हात दिसत होते आणि लोकांच्या माना पुढे येताना दिसत होत्या.

‘‘शाळेच्या फोटोची गोष्ट सांगतेय,’’ काकू शेजारी उभ्या तळटीपरावांना म्हणाल्या. ‘‘मी त्यात आहे. हात बघा ना तिचे.’’

‘‘मग तुला ती माहीत असेल.’’

‘‘कशी असेल? दरवेळी शेवट बदलते ती. मी पोचेपर्यंत संपलेली असते.’’ त्यांनी काचेवर तळहात ठेवला होता. काच स्वच्छ होती. ती काकूंनी सकाळी स्वतः पुसली होती.

तळटीपरावांनी कागदाकडे पाहिलं. उलट बाजूने अक्षरं उलटी दिसत होती, तरी त्यांनी ती सवयीने दोनदा तपासली. ‘उघडू नये.’ कर्ता नव्हता. कुणी उघडू नये, ते लिहिलेलं नव्हतं, पण त्यातून पळवाट काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग ते पिशवीपाशी गेले.

‘‘अहो, काय करताय?’’

‘‘एक शब्द बघायचाय,’’ तळटीपराव म्हणाले. आणि त्यांनी सातवा खंड बाहेर काढला.

फुस्स. भिंत गेली. झाड आत आलं, ऊन आत आलं, आणि ताईचा आवाज, ऐंशी वर्षांचा, खणखणीत, वाक्याच्या मधोमध आत आला :

‘‘...फोटोवाला म्हणाला, हलू नका! आमची धाकटी सहा वर्षांची. तिने श्वाससुद्धा धरला. तो बाबा काळ्या कापडात डोकं घालून बसलाय, ही लाल झाली, निळी झाली, आणि धाडकन आडवी! फोटो आला. बत्तीस मुली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. एकीचेच उघडे, टक्क! पण ती आडवी!’’

काकू हसल्या. सगळ्यांच्या आधी हसल्या. ओट्यावर हात आपटून, पदर तोंडाला न लावता, पातेल्यांवरची झाकणं वाजतील अशा हसल्या. आणि अंगणातलं हसणं वर चढत असतानाच खिडकीतून ओरडल्या, ‘‘ताई, मी बेशुद्ध पडलेच नव्हते!’’

‘‘काय?’’

‘‘ढोंग केलं होतं! पुढचा तास गणिताचा होता!’’

क्षणभर पाखरंसुद्धा गप्प. मग ताईने दोन्ही हातांनी खुर्ची बडवली. ‘‘अगं लबाडे! तुला खांद्यावर टाकून घरी आणलं मी! सत्तर वर्षं मला सांगितलं नाहीस?’’

‘‘तू गोष्ट सांगत असताना मी कधी होते तिथे?’’

ताईने खुर्चीचं चाक फिरवलं, फळीपाशी आली, आणि धाकटीचा हात हातात घेऊन म्हणाली, ‘‘आता तू सांग. मला शेवट ठाऊक नाही.’’

काकू सांगत होत्या. इकडे तळटीपराव सातवा खंड छातीशी धरून उभे होते आणि खरोखरच एक शब्द शोधत होते, कारण शोधतो म्हणून सांगितल्यावर न शोधणं बरं नव्हे. पानं ओली का दिसताहेत ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. ‘काल दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी एक शब्द पाहण्यासाठी सातवा खंड काढला असता सदर खिडकी उघडली गेली. ती सहा वाजून पन्नास मिनिटांपर्यंत उघडी होती, कारण शब्द सापडत नव्हता. दोष सर्वस्वी माझा आहे.’

सात दिवस त्यांना जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी उत्तर आलं, तपासनिसांच्या वाकड्या अक्षरात. छप्पर, काउंटर, दुकान हा प्रश्न वरती विचाराधीन होता आणि पुष्कळ वर्षं तसा राहील अशी चिन्हं होती; तोवर खिडकी उघडू नये हे कायम. खाली एक ओळ वेगळ्या शाईने होती : ‘शब्द पाहण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’

दीड महिन्याने नवे दांडे आले. मिस्त्री ते घेऊन दारात उभा राहिला, तर काकूंनी त्याला चहा देऊन परत पाठवलं. कागद अजून काचेवर आहे, मांजर फळीवर आहे. आणि रोज दुपारी चार वाजायला आले, अंगणात पावलं वाजू लागली, की काकू आधण ठेवतात आणि आतल्या खोलीत पुस्तकात नाक खुपसून बसलेल्या नवऱ्याला हाक मारतात,

‘‘अहो, आज एखादा शब्द बघायचा नाही का?’’